पाच वाजता वहिनी कुठे होती

माझ्या वहिनीबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. नणंदेनं भावजयीची बाजू घ्यायची नसते म्हणे. कुणी ठरवलं? ज्यानं ठरवलं त्याला एकदा पहाटे पावणेचारला उठवा आणि मग विचारा.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर. त्याच आवारात फाटकाशी माझं चहाचं दुकान. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी परतले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे वहिनी मला घरीही दिसायची आणि कामावरही. दोन्हीकडे ती तशीच. कमी बोलणार, पण बोलली की समोरच्याला पाणी मागायची सोय नाही.

तिचं काम काय, तेही सांगते. मोठ्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आहे. त्याची तार वहिनीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडलेली. रोज पहाटे पाचला टाकीत किती पाणी आहे तो आकडा मुख्य कार्यालयाला पाठवायचा. त्याला वाचन म्हणतात. वाचन पोचलं की तिकडून हुकूम येणार आणि मग गावाचा पहिला व्हॉल्व्ह उघडणार. वाचन नाही, तर पाणी नाही. काम म्हणाल तर दोन मिनिटांचं. कॉम्प्युटर जागा करायचा, आकडा बघायचा, चौकटीत भरायचा, बटण दाबायचं. एवढ्यासाठी ही बाई पावणेचारला उठायची, अंधारात चाळीस मिनिटं सायकल हाणायची, पाचला बटण दाबायची आणि नऊपर्यंत खुर्चीत बसून राहायची, कारण तिची ड्यूटी नऊची. मधे घरी येऊन परत जायचं तर पाय मोडायचे.

एकोणीस वर्षं! गजर पुन्हा वाजायच्या आत ती तो बंद करायची, आमची झोप मोडू नये म्हणून. आणि आम्ही? आई, दादा, मी, सगळे मस्त घोरत पडलेले. एकोणीस वर्षांत तिला दारापर्यंत सोडायलाही कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. आज लाज वाटते त्याची.

मग एक दिवस दुपारी ती डबा खात बसली होती आणि समोरचा झोपलेला कॉम्प्युटर आपला आपण उठला. कुणी हात लावला नव्हता. पंखा घरघरला, पडदा उजळला, थोडा वेळ त्याचं त्याचं काहीतरी चाललं आणि बाबा परत झोपी गेला. वहिनी डबा तसाच टाकून माझ्या दुकानात आली.

"अगं, हा मेला स्वतःच्या कामासाठी उठतो."

"कोण?"

"कॉम्प्युटर. स्वतःचं काहीतरी अपडेट करायला उठला आणि परत झोपला. स्वतःसाठी उठतो, तर माझ्यासाठी का नाही उठणार?"

मला काय डोंबल कळणार त्यातलं? मी म्हटलं, "विचार त्यालाच."

तिनं खरंच विचारलं म्हणायला हरकत नाही. दोन महिने ती त्या कॉम्प्युटरच्या मागे हात धुऊन लागली. कुठली कुठली पानं उघडायची, वहीत उतरवून घ्यायची, शब्दांचे अर्थ शोधायची. शेवटी सापडलं. कामाची वेळ लावून द्यायची, आकडा उचलून पाठवायच्या पायऱ्या एकदा शिकवून ठेवायच्या, आणि एका बारक्या चौकटीत खूण करायची. त्या चौकटीपुढे इंग्रजीत लिहिलेलं, त्याचा अर्थ एवढाच की हे काम करायला मशीनला झोपेतून उठव. आणखी एक खूण दुसऱ्या पानावर होती, विजेच्या सेटिंगमध्ये. ती राहून गेली म्हणून पहिले आठ दिवस हा कुंभकर्ण उठलाच नाही. वहिनीनं तीही शोधली.

तुम्हाला वाटेल, झालं, दुसऱ्या दिवसापासून बाई घरी लोळली. नाही! त्यानंतर चाळीस दिवस ती पहिल्यासारखीच पाचला जात राहिली. खुर्चीत बसायची, हात मांडीवर, कशालाही शिवायचं नाही. चार पंचावन्नला मशीन उठायचं, पाचला वाचन जायचं, पाच वाजून पाच मिनिटांनी झोपायचं. लगेच ही बॅटरी घेऊन टाकीवर चढायची, भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी डोळ्यांनी वाचायची आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायची. चाळीसही दिवस आकडे जुळले. मग ती हेडक्लार्कना सांगून आली. ते म्हणाले, "चालू दे, पण कागदावर आणू नकोस." एक्केचाळिसाव्या दिवशी वहिनी नऊला कामावर गेली.

दोन वर्षं गेली. एक वाचन चुकलं नाही. आधी हिला ताप आला तर ऑफिसची पळापळ व्हायची, आता तीही नाही. नऊला गेल्यावर पहिलं काम म्हणजे टाकीवर चढून मोजपट्टी बघणं, ते तिनं एकदाही चुकवलं नाही. कुणाचं काही बिघडलं? पण सुखानं चाललेलं गाडं बघवत नाही अशी माणसं असतात, आणि ती बदलून नेमकी आपल्याकडे येतात.

नवे साहेब आले. चांगले शिकलेले, नीटनेटके, पैशाला शिवणारे नव्हते, खोटं का बोलू? पण बोलताना सारखे मनगटाकडे बघायचे. आठवड्याच्या आत त्यांचं नाव घड्याळसाहेब पडलं. एकदा ते न सांगता पहाटे पावणेपाचला तपासणीला आले. वहिनीच्या खोलीला कुलूप. ते कुलपासमोर उभे, आणि पाचाच्या ठोक्याला त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. मुख्य कार्यालयाचा संदेश: वाचन मिळालं, पाठवणारी वहिनी.

साहेबांच्या अंगावर काटाच आला असेल! बाई नाही, खोली बंद, आणि बाईच्या नावानं वाचन गेलं. त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला, की हिनं पासवर्ड भलत्याला दिलाय आणि तो कुठून तरी मनाचे आकडे पाठवतोय.

नऊला वहिनी पोचली तर खोलीच्या दारात साहेब, हेडक्लार्क, शिपाई, सगळे हजर. मी चहा घेऊन गेलेच होते. खरं तर चहा कुणी मागवला नव्हता.

"पाच वाजता तुम्ही कुठे होता?" साहेबांनी विचारलं.

"घरी."

"मग वाचन कुणी पाठवलं?"

"कॉम्प्युटरनं. तो उठतो, पाठवतो, झोपतो."

"बाई, मी काय लहान मूल आहे?"

वहिनी म्हणाली, "नाही ना? मग आत या, दाखवते."

पण आत जायची साहेबांची तयारी नव्हती, पुराव्याला हात लागेल म्हणे. त्यांनी कागदच पुढे केला. पासवर्ड दुसऱ्याला दिला, चूक झाली, माफ करा, असं लिहून सही करायची. सही केली तर ठपक्यावर भागेल. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत दोषी ठरली तर वरच्या धरणावर बदली. तिथे आठवड्यातून एकदा जीप जाते. म्हणजे घरदार सोडून एकटीनं राहायचं. हेडक्लार्क सगळं जाणून होते, पण त्यांना त्या वेळी फाइलींच्या कपाटात फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं. माझ्या हातातली किटली कशी आवरली, माझं मला माहीत.

वहिनीनं कागद वाचला, घडी घातली आणि साहेबांना परत दिला. "जे केलं नाही त्याची माफी मागायची सवय नाही मला. करा चौकशी."

पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं तिला तीन जणांनी सांगितलं त्या दिवशी. तिनं तिघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. चहा माझाच.

चौकशीत ठरलं की वहिनीची खोली संध्याकाळी सगळ्यांसमोर सील करायची आणि पहाटे पाचला बाहेर उभं राहून बघायचं. वाचन आपोआप गेलं तर ती खरी. मुख्य कार्यालयातून एक कॉम्प्युटरवाला बोलावला. संध्याकाळी वहिनीनं मशीन झोपवलं, कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारका दिवा मंद लुकलुकायला लागला, ती बाहेर आली. साहेबांनी कुलूप घातलं, त्यावर कागद चिकटवला, तिघांच्या सह्या झाल्या.

आणि इथे आमच्या खात्यानं आपली जात दाखवली. कुठलीही खोली सील केली की तिचा मेन स्विच पाडायचा, हा तीस वर्षांचा शिरस्ता. आग लागू नये म्हणून. शिपाईदादा एरवी वहिनीच्या मेनला कधी हात लावायचे नाहीत, तिनं वर चिठ्ठीच चिकटवली होती. पण आज तीन मोठी माणसं बघत होती. शिपाईदादांनी व्हरांड्यातल्या पेटीपाशी जाऊन ऐटीत मेन खाली ओढला. साहेबांनी मान डोलावली, काम चोख झालं म्हणून. वहिनी तोवर सायकलपाशी पोचली होती. तिला पत्ताच नाही.

पहाटे मीही गेले. मुद्दाम. जन्मात पहिल्यांदा तिच्याबरोबर पावणेचारला उठले, आणि सायकलच्या कॅरिअरवर बसून तो रस्ता पाहिला. कुत्री काय मागे लागतात! एवढ्या वर्षांत तिनं कधी सांगितलंही नव्हतं.

पाच वाजले. खोलीत अंधार. पाच वाजून पाच. साहेबांचा मोबाइल गप्प. कॉम्प्युटरवाला घसा साफ करायला लागला. साहेब म्हणाले, "झालं समाधान?"

वहिनी खिडकीला नाक लावून उभी होती. ती वळली ती तडक पेटीकडे गेली. "मेन कुणी पाडला?"

"सील केलं की पाडायचाच असतो," शिपाईदादा म्हणाले. बोलता बोलता त्यांची नजर वहिनीच्या चिठ्ठीवर गेली, आणि त्यांना तेव्हाच कळलं.

"साहेब," वहिनी म्हणाली, "मी त्याला झोपवून गेले होते. तुम्ही त्याचा गळा दाबलात. झोपलेला उठतो हो, मेलेला कसा उठेल?"

कॉम्प्युटरवाला पुटपुटला, "बरोबर आहे त्यांचं. करंट लागतोच थोडा. तोच नसेल तर मशीन उठणार कसं?"

"ही पळवाट आहे," साहेब म्हणाले, पण तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. वाचन नव्हतं ते, मुख्य कार्यालय होतं. आकडा का आला नाही? आकड्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. साहेब वहिनीला म्हणाले, "ते नंतर बघू. आधी वाचन पाठवा."

"खोली सील आहे. सील तुमचं."

"मग तोडा!"

"मी तोडलं तर तोही गुन्हा माझ्याच नावावर लिहाल. तिघांच्या सह्या आहेत, तिघांनी तोडा."

तिसरी सही हेडक्लार्कची, आणि हेडक्लार्क आले नव्हते. घरी झोपले होते! ते येईपर्यंत आठ वाजून गेले, आणि गावाला पाणी आलं ते दहाला. साहेबांच्या बंगल्याचे नळही कोरडेच होते. मला हसू आवरेना, आणि आवरावं असंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. या वेळी मेन वर, आणि वहिनी स्वतः पेटीला पाठ लावून उभी राहिली सील होईपर्यंत. पहाटे आम्ही सगळे खिडकीला चिकटलेलो. चार पंचावन्नला रिकाम्या खोलीत पंखा घरघरला. पडदा उजळला आणि त्या उजेडात वहिनीची रिकामी खुर्ची दिसली. पाचला साहेबांच्या खिशात मोबाइल वाजला. मग पडदा काळा झाला. कॉम्प्युटरवाल्यानं चक्क टाळी वाजवली, मग साहेबांकडे बघून हात खिशात घातले. साहेब आणि वहिनी टाकीवर चढले, मोजपट्टी बघितली. आकडा तोच.

आता माणसानं म्हणावं ना, बाई, चुकलो? छे! साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "पासवर्डचा आरोप मी मागे घेतो. पण वाचनाच्या वेळी तुम्ही हजर नव्हता, हे उरतंच. दोन वर्षं. त्याचं कारण उद्या लेखी द्या. समाधानकारक कारण नसेल तर बदली मी थांबवू शकत नाही."

दुपारी हेडक्लार्क दुकानात आले. हे प्रकरण सुरू झाल्यापासून दुकानात पहिल्यांदाच तोंड दाखवत होते. म्हणाले, "हे बघ, तुझ्या वहिनीला सांग, सासू अंथरुणाला खिळली आहे म्हणून लिही. पहाटे तिचं सगळं करावं लागतं म्हणून. साहेबांनाही तेच हवंय. माणूस वाईट नाही, त्यालाही सुटायला जागा पाहिजे."

मी घरी निरोप दिला. माझी आई अंथरुणाला वगैरे मुळीच खिळलेली नव्हती. पंचाहत्तरीची ती बाई पाण्याचा हंडा एका हातानं उचलते. पण ती लगेच म्हणाली, "त्यात काय! दोन दिवस पडते मी खाटेवर. कुणी बघायला आलं तर कण्हतेसुद्धा." आणि तिनं कण्हून दाखवलं. इतकं बेमालूम की दादा घाबरून आतून धावत आला.

वहिनी हसली नाही. "नको, आई."

"अगं, बदली होईल! धरणावर एकटी राहशील? इथे आमचं काय होईल?"

"सासू आजारी, मूल आजारी, नवरा आजारी. घरात कुणी मरायला टेकलं असेल तरच बाईनं झोपायचं का?" तिचा आवाज चढला. एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "एकोणीस वर्षं मी दोन मिनिटांच्या बटणासाठी उठले. ते बटण दुसरं कुणी दाबू शकतं हे मी शोधून काढलं, मी! साहेबांनी नाही, कॉम्प्युटरवाल्यानं नाही. एक दिवस पाणी चुकवलं नाही. आणि आता मी कारण द्यायचं? मला झोप हवी होती. दुसरं काहीही कारण नाही."

दादा जमिनीकडे बघत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं खुलासा दिला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. लिहिलंय एवढंच: "वाचन पाच वाजता पाठवावे असा नियम आहे. ते पाठवले जाते. मी त्या वेळी घरी झोपलेली असते. यापुढेही झोपणार आहे." खाली ठसठशीत सही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांनी भरलेल्या त्या ऑफिसात असा कागद कधी आला नसेल. साहेबांनी तो तीनदा वाचला, म्हणे.

त्या फाइलचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ती मुख्य कार्यालयात गेली, महिनाभर पडून राहिली आणि शेरा घेऊन परत आली, "वाचन वेळेवर मिळत आहे, हरकत नाही." बदली झाली नाही. वहिनी अजून तिथेच आहे. पण हे आम्हाला महिन्यानंतर कळलं. फाइल जायच्या दिवशी सकाळी आम्ही बदली धरूनच चाललो होतो, आणि मला सांगायचंय ते त्याच सकाळचं.

सहा वाजले होते. मी दुकानाला निघायच्या तयारीत. वहिनी आत गाढ झोपलेली, तोंडावर पांघरूण. तिचा मोबाइल ओट्यावर वाजायला लागला. आईनं झडप घालून उचलला. फोनवर साहेब. त्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता.

"फाइल नऊला निघेल. त्यांना म्हणावं, अजून वेळ आहे. झोपेच्या जागी आजारपण लिहा, एवढाच शब्द बदला, मी इथेच मिटवतो. जरा द्या त्यांना फोन."

आई उठून आतल्या खोलीपर्यंत गेली. मला वाटलं, आता उठवणार. मी तिचा पदर धरणार होते. पण तिनं आतलं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि तिथेच उभी राहून म्हणाली, "मी तिची सासू बोलतेय. माझी तब्येत ठणठणीत आहे. सून झोपली आहे, आणि मी तिला उठवणार नाही."